डाव्या दारातला डास

डास मेलेला होता, याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो जागेबद्दल. गाडी धुऊन झाली होती, मातीचा मऊ गोळा फिरवून पत्र्याला चिकटलेली जुनी घाण निघाली होती, आणि गाड्या चमकवायच्या दुकानात तो गुडघ्यांवर बसून तपासणीचा पांढरा दिवा डाव्या मागच्या दारावरून हळूहळू खाली आणत होता. या दिव्याचा स्वभाव वाईट. उन्हात जी गाडी आरशासारखी दिसते तिचे कोळ्याच्या जाळ्याइतके बारीक ओरखडेसुद्धा तो एकेक करून बाहेर काढतो, नवं घर बघायला आलेल्या आत्येने भिंतीचे पोपडे काढावेत तसे. हँडलच्या खाली एक काळा ठिपका दिसला. त्याने फडक्याने पुसला. ठिपका राहिला. नखाने खरवडला. नख गुळगुळीत सरकून पुढे गेलं, वाटेत त्याला काही लागलंच नाही. मग त्याने दिवा जवळ नेला आणि ठिपक्याला पाय फुटले. केसासारखे बारीक, एक दुमडलेला. एक पंख. डास रंगाच्या वर नव्हता आणि खालीही नव्हता. रंगावर जो पारदर्शक लॅकरचा थर असतो त्याच्या आत तो काचेच्या पेटीत ठेवल्यासारखा आडवा पडला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर, म्हणजे डासाला चेहरा असतो असं धरलं तर, जरा बसा, मी आलोच, असा भाव होता.

गडद निळी गाडी. डावं मागचं दार. हँडलच्या खाली. हा पत्ता त्याला लहानपणापासून पाठ होता. त्याने जाडी मोजायचं यंत्र दाराला लावलं. बाकीच्या गाडीपेक्षा या एका दारावर रंगाचा थर जाड भरला, म्हणजे दार कधीतरी ठोकून सरळ करून पुन्हा रंगवलेलं होतं. दिवा तिरपा धरला तर लॅकर कुठेही संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत नव्हता, नुसतं पाणी ओतून ते थिजवल्यासारखा. एवढा सपाट लॅकर हातातल्या स्प्रेगनने मारणारा एकच माणूस त्याला माहीत होता, आणि तो माणूस आत्ता घरी खाटेवर बसून चमच्याने भात तोंडापर्यंत न्यायचा प्रयत्न करत असणार होता.

प्रत्येक घराची एक गोष्ट असते. कुणाच्या घरात आजोबांनी वाघ मारलेला असतो, कुणाच्या घरात काकांनी जमीन घालवलेली असते. त्यांच्या घरात वडिलांनी डास रंगवला होता. बाबा रंगारी होते, गाड्यांचे. पत्र्याचा पोचा काढून झाला, खड्ड्यांत लांबी भरून घासून झाली की गाडी बाबांच्या ताब्यात यायची. त्यांच्या हातात स्प्रेगन असायची म्हणून त्यांना सगळे पिस्तूलमास्तर म्हणत, आणि शेजारी राहायला आलेलं नवीन बिऱ्हाड हे नाव ऐकून महिनाभर त्यांच्याशी फार अदबीने वागलं होतं. गॅरेजच्या मागे प्लास्टिकचे पडदे लावून केलेली एक खोली होती. धूळ उडू नये म्हणून खाली पाणी मारलेलं असायचं, आणि बाबा तोंडाला फडकं बांधून, श्वास रोखून, दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असे चालायचे की जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालतायत. मग एक दिवस एका दाराच्या ओल्या लॅकरमध्ये डास सापडला. गाडीवाल्याला प्रवासाला निघायचं होतं. त्याने गॅरेजच्या मालकाला वाट्टेल ते सुनावलं, आणि दुरुस्तीला न थांबता डासासकट गाडी घेऊन गेला. मालकाने बाबांना घरी बसवलं. त्यानंतर बाबांनी लोकांची फाटकं रंगवली, जिन्याचे कठडे रंगवले, पाण्याच्या टाक्या रंगवल्या, आणि पिस्तूलमास्तरांचे डासमास्तर झाले. ते यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलायचा तो. त्याची सगळ्यात जास्त टाळ्या घेतलेली विनोदी गोष्ट हीच होती. लग्न ठरलं तेव्हा सासरच्या मंडळींसमोर त्याने ओळख करून दिली होती, ‘हे आमचे बाबा. इतर लोक डास मारतात, हे रंगवतात.’ सगळे हसले होते. बाबाही हसले होते, इतके, की बशीतला चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडला.

आणि त्याने काम निवडलं ते हे. रंगाचं नव्हे, रंगावरचं. रंगातली प्रत्येक चूक शोधायची, मशीन फिरवून घासून काढायची आणि मग सिरॅमिक कोटिंगचं ते चिमुकल्या बाटलीतलं द्रव स्पंजाने चोपडून पुसून घ्यायचं. ते पत्र्यावर काचेसारखं कडक होतं. मग पाणी पडलं की मोत्यांसारखं गोळा होऊन पळून जातं, चिखल धरत नाही, पक्ष्यांनी काही केलं तर वेळेवर पुसलं की डाग राहत नाही, ऊन रंगाला लवकर खात नाही. हे फायदे. तोटे तो त्याच आवाजात सांगायचा, आणि म्हणून या दुकानाच्या मालकाचं आणि त्याचं पटत नव्हतं. ‘अरे, फायदे आपण तोंडाने सांगायचे,’ मालक म्हणायचा, ‘तोटे गाडी स्वतः सांगते. तिचा धंदा तिला करू दे.’

निळी गाडी आणणारी बाई दातांची डॉक्टर होती. तिने ती जुनी म्हणूनच हौसेने विकत घेतली होती, कुणाकडून कुणाकडे फिरत आली होती देव जाणे. दुपारी ती गाडी बघायला आली तेव्हा तिने पेशंटला विचारतात तसं हळू आवाजात विचारलं, ‘आता ओरखडे पडणार नाहीत ना?’

‘पडतील.’

‘दगड उडून लागला तर?’

‘तर दगड लागेल.’

‘मग हे लावून उपयोग काय?’

‘धुवायला सोपी जाते. चमक टिकते काही वर्षं. पण नीट धुतली तर. पाणी तसंच उन्हात वाळू दिलं तर पाण्याचेच पांढरे डाग पडतात.’

‘म्हणजे पाण्यापासून वाचवायला जे लावायचं त्याला पाण्यापासून वाचवायचं.’

‘हो.’

‘आम्हीपण दातांना असंच काहीतरी लावतो,’ ती म्हणाली. ‘पण आम्ही इतकं खरं सांगत नाही.’ मग तिला डास दिसला. ती वाकली, चष्मा वर केला, आणि किडलेली दाढ बघावी तशी त्याच्याकडे बघत राहिली. ‘हा काढून टाका. माझ्या गाडीत मढं नको.’

‘काढतो म्हटलं तर निघेल,’ तो म्हणाला. ‘पण लॅकर जाईल तेवढा.’

‘जाऊ दे. कोटिंगखाली लपेल ना ते?’

‘लपत नाही काही. कोटिंग लावलं की खाली जे असेल ते तसंच राहतं. चकचकीत राहतं फक्त.’

‘मग आधी काढा,’ बाई म्हणाली, आणि गाडी उद्या न्यायला येते असं सांगून गेली.

काम पाच मिनिटांचं होतं. पाण्यात भिजवलेला बारीक घासपेपर घ्यायचा, डासाला त्याच्या पेटीतून मोकळं करायचं, वरून मशीन फिरवायचं. त्याने पेपर भिजत घातला. मग काढून पुन्हा कोरडा करत ठेवला. बाबांना तपासायला घरी येणारा डॉक्टर म्हणाला होता, त्यांना जुन्या वस्तू दाखवत जा, कधी कधी एखादी तार जुळते. त्यांनी सगळं दाखवून झालं होतं. आईचा फोटो दाखवला, बाबा म्हणाले, ‘ही फार लवकर गेली.’ म्हणजे बरोबर. त्याच्या लग्नाचा फोटो दाखवला, तर सुनेवर बोट ठेवून म्हणाले, ‘ही आपली सूनबाई,’ आणि तिच्या शेजारच्या हार घातलेल्या माणसाकडे बघून म्हणाले, ‘हा त्या मीटरवाल्यासारखा दिसतो.’ मीटरवाला म्हणजे तो. रोज संध्याकाळी तो कामावरून आला की बाबा खाटेवरून अदबीने अर्धे उठत आणि सांगत, ‘साहेब, मीटर बाहेर आहे.’ आणि रात्रीच्या जेवणाला तो पानावर बसला की सुनेच्या कानाशी लागून कुजबुजत, पण बहिऱ्या माणसाची कुजबुज ती, ‘सूनबाई, हा मीटरवाला रोज जेवूनच जातो का गं?’

बायको पहिल्यांदा रडली होती. मग हसली होती. मग तिने त्याच्या पुढ्यात भात वाढताना, ‘घ्या साहेब, युनिट फार झाले का?’ असं म्हणायला सुरुवात केली, आणि तो हसायचा, कारण विनोद चांगला होता. पण बाबा सगळ्यांना ओळखत होते. सून, समोरचा पोस्टमन, मेलेली बायको, फाटक रंगवून घेऊन पैसे न दिलेला माणूस. फक्त एका जागेवर लॅकर गेला होता, आणि ती जागा नेमकी त्याची होती. आयुष्यभर त्याने वडिलांचा विनोद केला होता आणि आता वडील काहीही न करता त्याहून मोठा विनोद करत होते. त्याला फार काही नको होतं. एकदा, एकदाच, ‘टिल्ल्या’ म्हणून हाक मारावी त्यांनी. लहानपणी तो फार ठेंगणा होता म्हणून हे नाव. आता तो दारातून वाकून आत येतो, पण नाव बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि आता ते हाकेसाठी वापरणाराच उरला नव्हता.

मालक लवकर गेला होता. किल्ली खुंटीवर होती. त्याने दिवा आणि घासपेपरांची पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि कोटिंग न लावलेली, नुसती नागडी गाडी घेऊन तो उजेड असतानाच घरी निघाला. वाटेत प्रत्येक सिग्नलला त्याला वाटत होतं की मागच्या दारातला डास जागा झालाय आणि खिडकीबाहेर बघतोय.

‘अहो, ही कुणाची गाडी?’ बायकोने दारातूनच विचारलं.

‘बाबांची.’

‘तुम्हालापण सुरू झालं का?’ ती म्हणाली. पण त्याच्या तोंडाकडे बघून ती आत गेली, आणि बाबांच्या पायांत चपला सरकवून त्यांना धरून अंगणात घेऊन आली. त्यांच्यासाठी खुर्ची टाकली. बाबांचे हात नेहमीसारखे मांडीवर थरथरत होते, दोन वेगवेगळे प्राणी असावेत तसे. त्याने दिवा लावून दाराशी धरला. बाबांनी आधी गाडीकडे पाहिलं नाही, त्यांनी दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘तिरपा धरा. सरळ धरून काय दिसणारे?’ त्याने तिरपा धरला. बाबा पुढे झुकले. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, दाराला टेकला आणि स्थिर झाला. ज्या हाताला सकाळपासून एक बटण लावता आलं नव्हतं तो हात पत्र्यावर पाण्यावरून तरंगत जावा तसा सरकत गेला आणि हँडलच्या खाली थांबला.

‘हा आमचा,’ बाबा म्हणाले.

‘कोण?’

‘डास हो. आमचा डास आहे हा.’

त्याने खुर्चीची पाठ धरली. ‘कसा आला आत?’ त्याने विचारलं. हसतच विचारलं, सवयीने.

‘कसा येणार? पडद्यातून आला. आमचा टिल्ल्या डबा घेऊन आला, आणि पडदा उघडा टाकून आत आला. सवयच आहे त्याला. घरी पण तसंच, आला की दार सताड. मी आपला शेवटचा हात मारतोय. गन थांबवता येत नाही हो मधेच, डाग पडतो. बघतोय मी, डास आला, फिरला, बसला. बसला तो बसला.’

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. त्याला डबा आठवत होता. डब्याचं गरम झाकण आठवत होतं, ओली जमीन, वासाने डोळ्यांत आलेलं पाणी, फडक्यावरून दिसणारे बाबांचे दोन डोळे, जे त्याच्याकडे नाही तर त्याच्या डोक्यावरून कुठेतरी मागे बघत होते. ते डोळे कशाकडे बघत होते हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. पडदा त्याला आठवत नव्हता. म्हणजे बरोबरच, उघडा टाकलेला पडदा कुणाला आठवतो?

‘मग मालकाला सांगायचं ना तसं,’ तो म्हणाला. आवाज मीटरवाल्याचा निघाला, कोरडा, चौकशीचा.

‘काय सांगू? पोरगं तिथेच उभं, दोन्ही हातांनी डबा धरून. मालक विचारतोय कुणी केलं. म्हटलं, मी केलं, नजर चुकली. तो म्हणाला, आज नजर चुकली, उद्या हात चुकेल, जा घरी.’ बाबा हसले. ‘दोन मिनिटं मागितली मी. वाळला की घासून काढतो म्हटलं, दोन मिनिटांचं काम. गाडीवाल्याला घाई. दिलीच नाहीत हो दोन मिनिटं.’

‘आणि पोराला कधी सांगितलं नाही?’

‘त्याला कशाला? जन्मभर पडद्याला हात लावायला घाबरला असता. मला त्याला याच कामात आणायचाय. हात चांगला आहे त्याचा. बडबड फार करतो, पण हात चांगला आहे.’

त्याने खाली बसून बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘बाबा,’ तो म्हणाला, ‘मीच टिल्ल्या.’

बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. फार सभ्यपणे, अगदी लक्ष देऊन. ‘तुमचंही नाव टिल्ल्या?’ ते म्हणाले. ‘असतात, असतात एका नावाची माणसं. आमचा एवढा आहे.’ आणि त्यांनी हाताने उंची दाखवली. हात दाराच्या हँडलपाशी थांबला, डासाच्या जरासा वर. ‘जरा पाणी आणता का, साहेब?’

तो आत गेला. पेल्यात पाणी ओतताना त्याचं एकदम ठरलं, इतकं स्पष्ट की त्याला हसू आलं. डास काढायचा नाही. उद्या सकाळी सगळ्यात आधी याच दारावर कोटिंग लावायचं, थरावर थर. दातांच्या डॉक्टरला सांगायचं, निघत नाही, मूळ खोल गेलंय; तिला हे कळेल. मग पुढची काही वर्षं डास तिथेच राहील, धुतला तरी, उन्हात उभा केला तरी, आणि तो दर काही महिन्यांनी काहीतरी सबब काढून गाडी धुवायला मागून घेईल आणि बाबांना त्याच्यासमोर बसवेल, आणि बाबा पुन्हा सांगतील, आमचा टिल्ल्या. त्याच्याबद्दल मीटरवाल्याला सांगतील. चालेल. मीटरवाल्याला चालेल. ‘अहो, भरला,’ मागून आत आलेली बायको म्हणाली. पाणी त्याच्या मनगटावरून ओट्यावर वाहत होतं.

तो बाहेर आला तेव्हा बाबा उभे होते, कुणीही न धरता. मागच्या सीटवरची पिशवी त्यांच्या पायाशी उघडी होती. त्यांनी पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही. हातातल्या घासपेपरवर पाण्याची धार धरली, उरलेलं दारावर ओतलं, पेपर पिशवीतल्या लाकडाच्या तुकड्याला गुंडाळला आणि वाकले.

तेव्हा त्याला थांबवता आलं असतं. दोन पावलांचं अंतर होतं. तोंड उघडलं होतं, जीभ टाळूला लागली होती. पण हात थरथरत नव्हता. तो हात त्याने पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता, श्वासाबरोबर जाणारा, श्वासाबरोबर येणारा, कुठे जोर द्यायचा आणि कुठे नुसतं असायचं ते जाणणारा. अंगणात एवढाच आवाज होता, सर्र, सर्र. दारावरून पांढरं दुधासारखं पाणी ओघळायला लागलं. मग त्यात एक करडी रेघ आली, केसाएवढी, ओघळाबरोबर खाली गेली आणि जमिनीत जिरली. त्याने त्यांना दोन मिनिटं दिली. ही दोन मिनिटं त्यांना कुणीतरी द्यायची होती, आणि ती देणारा तोच निघावा, हा विनोद त्याला कळला, पण सांगण्यासारखा नव्हता.

बाबांनी बाहीने दार पुसलं, बोटाने चाचपलं, आणि सुस्कारा टाकला. ‘झालं,’ ते म्हणाले. ‘आता कोण विचारतंय, कुणी केलं म्हणून?’ मग त्यांचे हात पुन्हा थरथरायला लागले आणि बायकोने त्यांना खुर्चीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने ती जागा मशीनने चमकवली. जाडीचं यंत्र लावून बघितलं तर दारावर लॅकर पुरेसा उरला होता, बाबा बरोबर थांबले होते. कोटिंग चढवलं, पुसलं, वाळवलं. दातांची डॉक्टर आली, डाव्या दाराशी वाकली, चष्मा वर केला. ‘कुठे होता हो?’ तिने विचारलं. त्याने बोट दाखवलं, मग बोट जरासं सरकवलं, मग खाली घेतलं. त्यालाही आता नक्की सांगता येत नव्हतं. मालकाने बाईला खूश करायला दारावर पाणी मारलं. पाण्याचे गोल मणी झाले आणि एकही मागे न ठेवता सगळे धावत सुटले. ‘बघा,’ मालक म्हणाला, ‘काही म्हणजे काही राहत नाही.’

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने बाबांच्या खोलीच्या दारातला पडदा बाजूला सारला, आणि तो तसाच उघडा टाकून खाटेपाशी जाऊन उभा राहिला. बाबा अर्धे उठले. ‘साहेब, मीटर बाहेर आहे.’ तो हलला नाही. बाहेर अंधारून येत होतं, आणि थोड्या वेळाने अपेक्षेप्रमाणे एक डास गुणगुणत आत आला, दिव्याभोवती फिरला आणि बाबांच्या थरथरत्या मनगटावर बसायचा प्रयत्न करायला लागला. बाबा त्याच्याकडे कौतुकाने बघत होते, कधीच डास न पाहिलेल्या माणसासारखे.

‘बाबा,’ तो म्हणाला, ‘पडदा उघडा राहिला माझ्याकडून.’

‘असू दे हो,’ बाबा म्हणाले. ‘वारा येतोय.’